सरकारवाड्याच्या पायऱ्या आणि आपली एक खोली

आपल्या सोसायटीच्या ऑफिसात, टेबलाच्या उजव्या खणात किल्ल्यांचा एक जुडगा आहे. पंप रूम, गच्ची, मीटर रूम अशा किल्ल्यांमध्ये एका किल्लीला पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे आणि तिच्यावर निळ्या शाईने 'वाचनालय' असे लिहिले आहे. ते अक्षर माझे आहे. २००३ सालचे. शाई आता फिकी झाली आहे, पण वाचता येते.

ही खोली कुठली ते नव्या सभासदांना कदाचित माहीतही नसेल. हॉलच्या शेजारची, बारा बाय चौदाची. २००३ पासून तिथे तीन कपाटे, दोन वर्तमानपत्रे आणि दिवाळी अंक असत. मार्च २०२० मध्ये कुलूप लागले ते लागलेच. त्यानंतर तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या गेल्या, मग गणपतीचे मखर, मग कुणाची तरी जुनी सायकल. आता येत्या वार्षिक सभेपुढे विषय आहे की त्या खोलीचे पार्सल रूम आणि मुलांची खेळाची खोली करावी. त्याच सुमारास संपादक मंडळातली मुले माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्हाला इतिहासाची आवड आहे. स्मरणिकेसाठी एखाद्या जुन्या वास्तूवर लिहा ना."

मी नाशिकच्या सरकारवाड्यावर लिहायचे ठरवले. सावेडीतल्या आपल्या सोसायटीचा आणि नाशिकच्या वाड्याचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तेच सांगतो.

१९७८ साली बँकेने माझी बदली नाशिकला केली. नगरच्या बाहेर राहण्याची ती माझी पहिलीच वेळ. रविवार कारंज्याजवळ एक खोली भाड्याने घेतली होती. संध्याकाळी कॅश टॅली झाली की सराफ बाजारातून नदीकडे फिरायला जायचो. वाटेत हा वाडा लागायचा. पेशवाईच्या काळातली वास्तू. उंच जोते, खाली काळ्या दगडाचे काम, वर लाकडी खांब आणि आत चढून जायला पायऱ्या. पण खरे सांगायचे तर तेव्हा वाडा म्हणून तिकडे कुणी बघत नसे. सरकारवाडा म्हटले की नाशिककरांना पोलीस ठाणे आठवायचे. आजही ठाण्याचे नाव सरकारवाडा पोलीस ठाणे असेच आहे. माझ्यासारख्या तिशी न गाठलेल्या क्लार्कला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायची काय हौस असणार! मी बाहेरूनच पाहून पुढे जायचो.

आमच्या शाखेत एक हेड कॅशियर होते. जुन्या नाशकातले, निवृत्तीला पाच-सहा वर्षे राहिलेले. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते म्हणाले, "तुम्ही नगरचे ना? मग सरकारवाडा तुमचाच की हो." मला वाटले, चेष्टा करतात. तर म्हणाले, "अहो, मी शाळेत असताना तिथं लायब्ररी होती. आमचं सार्वजनिक वाचनालय. ते सुरू झालं तेव्हा नाशिक तुमच्या नगर जिल्ह्यात होतं."

पुढे मी वाचून पाहिले, तर ते अक्षरशः खरे निघाले. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि इंग्रजांनी जिल्हे पाडले. नाशिक आज मोठे शहर असले तरी त्या वेळी ते नगरच्या कलेक्टरच्या अखत्यारीत होते. नाशिकचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ साली. आणि नाशिकचे वाचनालय स्थापन झाले १८४० साली. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर ते नगर जिल्ह्यातलेच वाचनालय!

त्या काळाचा थोडा हिशोब मांडतो. बँकेतला माणूस आहे, आकड्यांशिवाय चैन पडत नाही. रत्नागिरीला वाचनालय निघाले १८२८ साली. आपल्या नगरला १८३८ साली, तेच आजचे आपले जिल्हा वाचनालय. नाशिकला १८४०. पुण्याला १८४८. म्हणजे या बाबतीत नगर पुण्याच्या दहा वर्षे पुढे होते. हे मी सांगितले की पुण्याचे नातेवाईक गप्प बसतात, हा माझा अनुभव आहे.

नगर त्या वेळी तसे झोपलेले गाव नव्हते. अमेरिकन मिशनच्या मंडळींनी इथे शाळा काढल्या होत्या. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक इथूनच निघाले. सिंथिया फरार या बाईंची मुलींची शाळा इथलीच. ती पाहून जोतीरावांच्या मनात पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा विचार पक्का झाला, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचे धडे घेतले तेही इथेच. छापील मराठी पुस्तक तेव्हा अगदी नवलाचे होते आणि महागही. एकट्याने विकत घेणे परवडणार नाही, म्हणून दहा जणांनी वर्गणी काढायची, पुस्तक एकदाच आणायचे आणि सगळ्यांनी वाचायचे, हा वाचनालयाचा साधा हिशोब. आपली सहकारी सोसायटी तरी दुसरे काय आहे? एकट्याला न झेपणारी गोष्ट दहा जणांनी मिळून घेणे.

अर्थात तेव्हाचे 'सार्वजनिक' म्हणजे आजचे सार्वजनिक नव्हे. या वाचनालयांना 'नेटिव्ह लायब्ररी' म्हणत. इंग्रज अधिकारी आणि गावातली शिकलेली, वर्गणी भरू शकणारी मंडळी एवढ्यांचाच तिथे वावर. ज्याला अक्षरओळख नाही किंवा ज्याला वाड्याच्या पायरीवरही उभे करत नसत, त्याच्यासाठी ते दार उघडायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर जुने ते सगळे सोन्याचे असे वाटायला लागते.

आता प्रश्न असा की वाचनालय वाड्यात कसे गेले? त्याचे उत्तर सोपे आहे. राज्य गेले की वाडे उरतात. पेशव्यांचे मोठमोठे वाडे इंग्रज सरकारच्या हाती आले. एवढ्या वास्तूंचे करायचे काय? मग कुठे कचेरी बसली, कुठे शाळा भरली, कुठे कोर्ट, कुठे पुस्तकांची कपाटे. पुण्यात शनिवारवाड्याजवळच्या बुधवार वाड्यातही असेच वाचनालय होते. तो वाडा मे १८७९ मधल्या मोठ्या आगीत जळून गेला आणि पुस्तकेही गेली. आज बुधवार वाडा कुठे होता ते पुणेकरालाही दाखवता येत नाही. नाशिकच्या वाड्याचे नशीब चांगले. त्याला आग लागली नाही.

पाणी मात्र वारंवार भेटायला येत गेले. सराफ बाजार गोदावरीच्या अगदी जवळ. नाशिककर पूर मीटरमध्ये मोजत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, नारोशंकराच्या घंटेपर्यंत आले, सरकारवाड्याच्या पायरीला लागले, अशी त्यांची मापे. १९६९ चा पूर जुने लोक अजून सांगतात, २००८ चा तर तुमच्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. आमचे हेड कॅशियर म्हणायचे, "नदीच्या इतक्या जवळ पुस्तकं ठेवायची तर जोतं उंचच पाहिजे. बांधणाऱ्याच्या मनात पुस्तकं नव्हती, पण उपयोग झाला."

पुढे वाचनालयाने वाडा सोडला आणि टिळक पथावर स्वतःची वास्तू उभी केली. तिथे नाट्यगृह झाले, सभागृह झाले. कुसुमाग्रजांसारख्या माणसाने ज्या संस्थेचे काम पाहिले, ती संस्था आज पावणेदोनशे वर्षांहून मोठी आहे. नाशिकला असताना मी तिचा वर्गणीदार होतो. संस्था वाड्यातून उठली तरी मेली नाही, कारण ती भिंतींची नव्हती. सभासदांची होती.

आणि वाडा? तोही मेला नाही. कचेऱ्या आल्या, गेल्या. पोलीस ठाणे होते, तेही दुसरीकडे गेले. वास्तू राज्य संरक्षित स्मारक झाली, पुरातत्त्व विभागाकडे आली, तिची दुरुस्ती झाली आणि आता तिथे संग्रहालय आहे. नाणी, शस्त्रे, मूर्ती अशा वस्तू. जिथे एकेकाळी पुस्तके होती, तिथे आता पुस्तकांच्या आधीच्या काळातला इतिहास मांडलेला आहे.

नोकरीत असताना मी ज्या पायऱ्या कधी चढलो नाही, त्या निवृत्तीनंतर नातीचा हात धरून चढलो. ती तेव्हा सातवीत होती. मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितले, "बरं का, इथे पूर्वी लायब्ररी होती." तिने इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "आजोबा, पुस्तकं कुठल्या खोलीत होती?"

मला सांगता आले नाही.

ज्यांना माहीत होते त्यांच्यासोबत मी चार वर्षे रोज डबा खाल्ला होता. लहानपणी ते कुठल्या खिडकीशी बसायचे, पुस्तके कोण काढून द्यायचे, वर्गणी किती होती, यातले काहीही मी त्यांना विचारले नाही. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. रोज संध्याकाळी नव्या पैशाचाही फरक लागू न देणारा मी, एवढी मोठी नोंद करायची राहून गेली. त्या दिवशी वाड्यात नातीपुढे उभा असताना मला जे वाटले, ते हा लेख लिहिण्याचे खरे कारण आहे.

वस्तू आणि कागद जिथले तिथे का राहावेत, हे आपल्या जिल्ह्याने चांगले अनुभवले आहे. १९५०-५१ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी नाशिकला उत्खनन केले. त्याच अहवालात दुसरे गाव आहे जोर्वे, आपल्या संगमनेर तालुक्यातले, प्रवरेकाठचे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या वसाहतीवरून 'जोर्वे संस्कृती' हे नाव पुस्तकांत कायमचे बसले. पुढे १९७४ साली दायमाबादला, तेही प्रवरेकाठीच, झाडाचे मूळ खणताना ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ सापडला. काय वस्तू आहेत त्या! पण माझा हत्ती-गेंड्याशी परिचय झाला तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. मुंबईला त्या नीट जपल्या जातात यात शंका नाही. तरी वाटतेच, की दायमाबादच्या परिसरातल्या पोराला आपल्याकडचा हत्ती पाहायला मुंबईचे तिकीट काढावे लागते.

म्हणूनच १९६० साली आपल्या नगरमध्ये ऐतिहासिक वस्तू संग्रहालय सुरू करणाऱ्यांचे मला फार कौतुक वाटते. जुनी कागदपत्रे, पोथ्या, नाणी, शस्त्रे, ती प्रसिद्ध लांबच लांब जन्मपत्रिका, हे सगळे कुणाच्या तरी माळ्यावर होते आणि तिथून रद्दीत जायचे होते. कुणीतरी दारोदार फिरून ते मागून आणले. आपल्या सोसायटीतल्या किती जणांनी ते पाहिले आहे? किल्ला पाहायला पाहुण्यांना नेतो आपण, पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले ती खोली दाखवतो. संग्रहालय मात्र राहून जाते. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, आपल्या तोंडात अजून नगरच आहे. दोन्ही नावांचे जुने कागद त्याच कपाटांत शेजारी शेजारी असतात.

आता थोडे परदेशातले सांगतो, कारण त्यातला हिशोब आपल्या उपयोगाचा आहे. मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो तेव्हा तिच्या जवळच्या एका छोट्या गावात वाचनालयाची जुनी इमारत पाहिली. दगडी, समोर पायऱ्या. आता तिथे गावाचे संग्रहालय आहे. पोलादाच्या धंद्यात अफाट पैसा मिळवलेल्या अँड्र्यू कार्नेगी यांनी जगभर २,५०९ वाचनालये बांधायला पैसे दिले, त्यांपैकी ते एक. यातली बरीच आज वाचनालये राहिलेली नाहीत. कुठे संग्रहालय, कुठे कार्यालय झाले आहे. पण मला आवडली ती कार्नेगींची अट. इमारतीचे पैसे मी देतो, जागा गावाने द्यायची आणि माझ्या देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी वाचनालय चालवायला गावाने काढायची. कबूल असेल तरच चेक! इमारत एकदाच बांधायची असते, ती चालवायची दरवर्षी असते, हे त्या माणसाला नीट कळले होते.

आपल्या उपविधींतही असेच शहाणपण आहे. सिंकिंग फंड म्हणून बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी बाजूला काढायची. मी खजिनदार असताना या पाव टक्क्यावरून माझ्याशी किती जण भांडले आहेत, ते इथे लिहीत नाही. ती मंडळी हा अंक वाचणार आहेत. पण त्याच निधीने गेल्या पावसाळ्यात गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाले, एवढे नोंदवून ठेवतो.

मात्र कागद सांभाळायला कुठलाच फंड नसतो आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. २०१२ साली ऑफिस रंगवायला काढले तेव्हा जुन्या कागदांची दोन पोती रद्दीत गेली. घालणारा मीच होतो. ऑडिट झालेले होते, कायद्याने ठेवायची रजिस्टरे वेगळी काढली होती, बाकीचे कशाला ठेवायचे असा माझा हिशोब. महिन्याभराने लक्षात आले की त्यात २००० सालच्या पहिल्या बैठकीचा हाताने लिहिलेला कागद होता. त्या वेळी इथे रस्ता नव्हता, लाइट नव्हती. एका स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून अकरा जणांनी नावे लिहिली होती. त्या अकरांपैकी आज चार जण आहेत. त्या पोत्यांचे मिळाले एकशे दहा रुपये, ते मी रीतसर जमा खात्यात दाखवले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात महाग पावती ती.

आता खोलीविषयी. माझ्या मनात काय आहे असे दोघा-तिघांनी विचारले. त्यांना वाटले, काका विरोध करणार. मी विरोध करणार नाही. पार्सले रोज तीस-चाळीस येतात, वॉचमनच्या खुर्चीखाली ठेवावी लागतात, हे मलाही दिसते. मुलांना पावसात खेळायला जागा नाही, हेही खरे. सरकारवाड्याने मला एक गोष्ट शिकवली असेल तर ती हीच, की वास्तू वापरात राहिली तरच टिकते. कचेरी, वाचनालय, पोलीस ठाणे, संग्रहालय, ज्याने त्याने आपल्या काळात तो वाडा झाडला, पुसला, उघडा ठेवला. कुलूप लावलेली खोली कुणाचीच नसते. तिथे फक्त वाळवी सभासद होते.

माझी विनंती एवढीच आहे. तीन कपाटांपैकी एक त्या खोलीत राहू द्या. उरलेली पुस्तके ज्यांना हवी त्यांनी घरी न्यावीत, बाकीची आपल्या जिल्हा वाचनालयाला विचारून द्यावीत. आणि एक भिंत मोकळी ठेवा. तिच्यावर सोसायटीचा मूळ प्लॉटचा नकाशा लावू. पाण्याचे टँकर यायचे त्या वर्षांतल्या पावत्या काही जणांच्या घरी आहेत. पहिल्या गणपतीचा फोटो आहे. पहिल्या वर्षीच्या वीटकामातली एक वीट मी ठेवली आहे, ती देतो. हे संग्रहालय म्हणायला फारच लहान आहे, मान्य. पण आपल्या ४८ घरांचे तेवढे पुरेल.

आणि दुसरे म्हणजे, ते चार जण अजून आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. मुलांनो, मोबाईलवर रेकॉर्ड करा. पहिला प्लॉट कुणी पाहिला, बोअरला पाणी किती फुटांवर लागले, एका कुटुंबाने मंगळसूत्र गहाण ठेवून पहिला हप्ता भरला होता तो कसा, हे त्यांच्याच तोंडून ऐका. पंचवीस वर्षांनी कुणाची तरी नात या खोलीत उभी राहून विचारेल की इथे पूर्वी काय होते. तेव्हा तिच्या आजोबांना उत्तर देता आले पाहिजे.

ठराव पास झाला की किल्लीला नवी चिकटपट्टी लागेल. जरूर लावा. फक्त जुनी खरवडून काढू नका, तिच्यावरच लावा.